दिवस कोणाचे आणि कामं कोणाची: मुलाच्या कस्टडीबद्दल विचारणाऱ्या एका आईला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचं वय 36, पुण्यात नोकरी, मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. घटस्फोट सहमतीने घ्यायचं ठरलं आहे. नवऱ्याचं म्हणणं, "एक आठवडा तुझ्याकडे, एक आठवडा माझ्याकडे." तुमच्या आईवडिलांचं म्हणणं, "पूर्ण कस्टडी घे, नाहीतर पोरगा हातचा जाईल." कायदा वकील सांगतातच, पण ज्या बायका यातून गेल्या त्यांचं पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही, असं तुम्ही लिहिलं आहे.

ते मी सांगू शकेन. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून मी वीसहून जास्त वर्षं काम केलं, आता खासगी मध्यस्थी करते. समुपदेशकाच्या खोलीतलं बोलणं खोलीतच ठेवायचं असतं, म्हणून खालच्या हकिकतींमधली गावं, नोकऱ्या, मुलांची वयं बदलून लिहिली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते. घरात मारहाण असेल, व्यसन असेल किंवा मुलाच्या सुरक्षिततेबद्दल शंका असेल, तर हे उत्तर लागू नाही. तिथे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 21 आहे. दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा आईकडे देऊ शकतात, आणि भेटीने मुलाला अपाय होईल असं दिसलं तर वडिलांची भेट नाकारूही शकतात. तुमच्या लिहिण्यात तसं काही नाही. उलट नवरा मुलाला पोहायला नेतो, त्याचे पाढे घेतो असं तुम्हीच लिहिलंत. म्हणून पुढे जाते.

आईवडिलांची भीती कुठून येते ते मला ठाऊक आहे. 'पाच वर्षांपर्यंत आईकडे, मग बापाकडे' हे वाक्य मी रिक्षावाल्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 6 सांगतं ते एवढंच, की वडील नैसर्गिक पालक, त्यांच्यानंतर आई, आणि पाच वर्षं पूर्ण न झालेलं मूल सामान्यतः आईजवळ असावं. पाचवा वाढदिवस झाला की मूल उचलून वडिलांकडे द्यावं, असं त्यात कुठेही नाही. त्याच कायद्याचं कलम 13 मुलाच्या हिताला सगळ्यांच्या वर ठेवतं. 'त्यांच्यानंतर' या शब्दाचाही अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये गीता हरिहरन खटल्यात मोकळा केला. वडील वारल्यावरच आई पालक होते असं नाही, वडील लक्ष घालत नसतील तर ते हयात असतानाही होते. मुस्लिम कुटुंबांत हनफी परंपरेप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे, असं मानतात. पण अर्ज 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली गेला की न्यायाधीश तिथेही शेवटी मुलाचं हितच बघतात.

म्हणजे सात वर्षांच्या मुलासाठी कायदा तुमच्या दोघांपैकी कोणाच्याही बाजूने आधीच ठरवून बसलेला नाही. शिवाय कस्टडीचा आदेश कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 पासून सांगितलं आहे. 'पोरगा हातचा जाईल' ही भीती त्यामुळे निम्मी तरी कमी व्हायला हरकत नाही.

आता बायकांचं.

बहुतेकींच्या वाट्याला येते ती जुनी व्यवस्था, म्हणजे कस्टडी आईला, ॲक्सेस, म्हणजे भेटीचा हक्क, वडिलांना. महिन्याचे दोन शनिवार-रविवार, मे महिन्याची आणि दिवाळीची अर्धी सुट्टी, वाढदिवसाला दोन तास. भांडण विकोपाला गेलेलं असेल तर भेट सुरुवातीला न्यायालयातच होते, मुलांसाठी खेळणी ठेवलेल्या खोलीत. आई बाहेर बाकावर बसते. आत बाप मुलाबरोबर ठोकळे रचत असतो. वर्षानुवर्षं मी ते बाक पाहिले. तिथे बसलेल्या बाईला त्या दोन तासांत चहाही घशाखाली उतरत नाही.

या बायकांना पहिल्या वर्षी आपण जिंकलो असं वाटतं. दुसऱ्या वर्षी त्या दमतात. चिंचवडच्या एक शिक्षिका होत्या. दोन मुली, पूर्ण कस्टडी, पोटगीही ठीक मिळत होती. तीन वर्षांनी पोटगी वाढवून मागायला आल्या, तेव्हा त्यांनी एक वाक्य सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही: "मॅडम, मुली बापाकडे जातात तेव्हा त्यांना पिझ्झा मिळतो, घरी येतात तेव्हा गृहपाठ. मी फक्त ओरडणारी बाई झालेय." ॲक्सेसवाल्या वडिलांकडे सुट्टीचा दिवस असतो, आईकडे कामाचा आठवडा. भेट जितकी थोडी, तितका बाप पाहुणा होतो, आणि पाहुण्यावर मुलं रुसत नाहीत.

हळूहळू येणं बंद करणारे वडीलही असतात. आधी एक शनिवार हुकतो, मग महिना, मग दुसरं लग्न. माझ्या पाहण्यात हे काही अपवादात्मक नाही. मूल दप्तर भरून, बूट घालून दारात उभं राहतं आणि आई त्याची समजूत काढते की बाबांना मीटिंग आहे. मी बायकांना सांगायचे, मीटिंगचं तुम्हाला ठाऊक नसेल तर मीटिंग आहे म्हणू नका. 'आज बाबा आले नाहीत, का ते मला माहीत नाही, आपण पोहे करू' एवढं पुरतं. बापाची बाजू सावरणाऱ्या आयांवर मुलं पुढे चौदाव्या-पंधराव्या वर्षी चिडतात, 'तू तेव्हा खोटं का बोललीस?' असं विचारतात. आणि 'तुझा बापच तसला' म्हणणाऱ्या आयांवर तर त्याहून आधी.

याच व्यवस्थेतला एक सापळा पैशाचा. पोटगी थकली की आई भेट बंद करते. रागाच्या भरात कुणीही करेल, पण न्यायालयात ते तुमच्याच अंगावर येतं. पोटगी हा मुलाचा हक्क, आणि आईवडील दोघांचा सहवास हाही मुलाचाच. एकाच्या बदल्यात दुसरा अडवून ठेवता येत नाही. थकबाकीच्या वसुलीसाठी वेगळा अर्ज असतो, तो करा, पण शनिवारी मूल पाठवा.

आता तुमच्या नवऱ्याची सूचना. आठवडा-आठवडा, किंवा ज्याला सगळे आता फिफ्टी-फिफ्टी म्हणतात ते. हे खूळ अमेरिकेतून आलं असं तुमच्या वडिलांना वाटतं, पण आपल्याकडे त्याची चर्चा बरीच जुनी आहे. 2013 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका प्रकरणात जानेवारी ते जून वडिलांकडे, जुलै ते डिसेंबर आईकडे असा निकाल दिला होता. मे 2015 मध्ये विधी आयोगाने आपल्या 257 व्या अहवालात संयुक्त कस्टडीची तरतूद कायद्यात घालावी अशी शिफारस केली. कायदा काही झाला नाही. पण दोघांनी मिळून कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे न्यायालयात द्यायच्या सहमतीच्या अटींच्या कागदात, लिहून दिलं आणि मुलाच्या हिताला बाधा नसेल, तर न्यायालयं ते मान्य करतात.

मी पाहिलेल्या अशा घरांपैकी जी टिकली, त्यांच्यात एक गोष्ट समान होती, आणि ती अगदीच साधी आहे. दोन्ही घरं एकाच शाळेच्या बसच्या वाटेवर होती. बाणेर आणि बालेवाडी, कोथरूड आणि कर्वेनगर असं. एक घर वाकडला आणि दुसरं हडपसरला असेल, तर सात वर्षांचं पोर दर दुसऱ्या आठवड्यात रोज दोन-तीन तास रस्त्यावर काढणार. त्याला त्या वेळात खेळायचं असतं.

अशा व्यवस्थेतल्या आया सुरुवातीच्या रिकाम्या आठवड्याबद्दल फार बोलतात. बाणेरच्या एका आयटीतल्या बाई म्हणाल्या, पहिल्या रविवारी मुलाला सोडून आल्या आणि सवयीने तीन वाट्यांचा कुकर लावला. भात उरला म्हणून रडल्या. मग तिसऱ्या-चौथ्या खेपेला आपल्याला त्या आठवड्यात झोप लागते, मैत्रिणींबरोबर सिनेमाला जाता येतं, आणि ते आवडतं, हे त्यांच्या लक्षात आलं. ते आवडतं याचीच मग लाज वाटायला लागली. ही लाज मी इतक्या बायकांच्या तोंडावर पाहिली आहे! बापाला मूल आठवडाभर आईकडे आहे म्हणून सिनेमाला जायची लाज वाटल्याचं मला आजवर एकानेही सांगितलेलं नाही.

खरी गोम मात्र वेगळीच निघाली. त्याच बाईंना मी म्हटलं, दोन महिने एक वही ठेवा. मुलाचं प्रत्येक काम कोणाच्या डोक्यात होतं ते लिहा. केलं कोणी ते नको, आठवण कोणाला होती ते लिहा. लसीची तारीख, दातांच्या डॉक्टरची वेळ, क्राफ्टच्या तासाला रंगीत घोटीव कागद, मित्राच्या वाढदिवसाची भेट, छोटे झालेले मोजे, स्पर्धेचा फॉर्म, पीटीएम. वही घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या नावाखाली तीन पानं भरली होती, नवऱ्याच्या नावाखाली सहा ओळी. दिवस निम्मे-निम्मे वाटले होते. कामं मात्र पूर्वीसारखीच एकीकडे राहिली होती. नवऱ्याच्या आठवड्यातही शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा निरोप वाचून त्याला फोन करायच्या त्याच. "उद्या पांढरा टी-शर्ट लागणार आहे," असा. वर तो म्हणायचा, "तू माझ्या आठवड्यात ढवळाढवळ करतेस."

म्हणून माझं आजवरचं जे काही मत बनलं आहे ते एवढंच की दिवस मोजून भांडू नका, कामं मोजून वाटणी करा. ज्याच्याकडे मुलाच्या डॉक्टरचं काम, त्याच्याकडे ते वर्षभर, मूल कोणाच्याही घरी असो. एकाकडे शाळा, एकाकडे तब्येत, असं स्वच्छ वाटून घेतलेल्या जोडप्यांत मी कमी भांडणं पाहिली. आणि एक काम पुरतं त्याच्यावर सोडायचं म्हणजे ते चुकलं तरी सोडायचं. पांढऱ्या टी-शर्टाऐवजी निळा घालून मुलगा एकदा जाऊ दे. दुसऱ्यांदा बाप आठवण ठेवतो. निदान काही बाप तरी ठेवतात.

फिफ्टी-फिफ्टीची सूचना करणाऱ्या सगळ्यांचा हेतू एकच नसतो, हेही स्पष्ट सांगायला हवं. काहींना खरंच मूल हवं असतं. काहींना पोटगी चुकवायची असते: "निम्मा वेळ माझ्याकडे, मग तुला पैसे कशाचे?" दोघांचा पगार सारखा असेल तर त्यात तथ्य आहे. पण त्याचा पगार तुमच्या अडीच पट असेल, तर मुलाच्या दोन घरांत एका घरी एसी आणि एका घरी पाण्याची बादली असं होऊ नये, म्हणून फरक भरून काढावाच लागतो. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिलं. सहमतीचं प्रकरण असलं तरी ते कागद एकमेकांना आधी दाखवा. हेतू ओळखायची माझी एक साधी खूण आहे. नवऱ्याला विचारा, त्याच्या आठवड्यात मुलाला मंगळवारी दुपारी ताप आला तर ऑफिसातून कोण येणार? "आई आहे ना माझी" असं उत्तर आलं, तर तुम्ही कस्टडी नवऱ्याबरोबर वाटून घेत नाही, सासूबाईंबरोबर घेता आहात. त्यातही वाईट काही नाही. अनेक आज्या फार छान सांभाळतात. पण मग तसं समजून घ्या.

आज्यांवरून आठवलं. या सगळ्या प्रकरणांत कागदावर कधीच न येणारी माणसं म्हणजे दोन्हीकडचे आजी-आजोबा. माहेरी परतलेल्या बाईच्या घरात मूल तिच्या भावाच्या मुलांबरोबर वाढतं, वहिनीच्या कपाळावरच्या आठ्या वाचायला शिकतं. आणि तुमची आई, ती चांगल्या मनाने का होईना, भात कालवताना नातवाला विचारते, "तिकडे काय दिलं रे जेवायला?" हा प्रश्न बंद करायला तिला सांगाल तेवढं भलं. मुलं हेर होतात त्याने. दोन्ही घरांना आवडेल अशी उत्तरं द्यायला ती शिकतात, आणि मग न्यायाधीशांनी चेंबरमध्ये बोलावून विचारलं तरी तसंच घोटून दिलेलं उत्तर देतात. अनुभवी न्यायाधीशांना ते लगेच कळतं. 1890 च्या कायद्याप्रमाणे समजत्या वयाच्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकतं, पण सात वर्षांच्या पोराच्या तोंडी 'मानसिक छळ' हा शब्द आला की खोलीतल्या प्रत्येकाला समजतं तो कुठून आला.

आता त्या बायकांबद्दल, ज्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. मूल वडिलांकडे राहतं आणि ॲक्सेस आईला आहे, अशा. त्या न्यायालयात हळू आवाजात बोलतात. एका बँक अधिकारी बाईंची बदली मराठवाड्यात झाली, तेरा वर्षांच्या मुलाला शाळा आणि क्रिकेटची ॲकॅडमी सोडायची नव्हती, त्याने "मी बाबाकडे राहतो" सांगितलं. बाईंनी मान्य केलं. मला विचाराल तर मी पाहिलेल्या निर्णयांपैकी तो एक शहाणा निर्णय होता. पण नातेवाइकांत एकच वाक्य फिरत राहिलं, "आईच ना ती?" लग्नाकार्याला गेल्या की लोक खालच्या आवाजात विचारायचे, मुलगा का नाही राहत तुमच्याकडे, काही... म्हणजे... प्रॉब्लेम होता का? बापाकडे मूल नसलं की तो बिचारा ठरतो, आईकडे नसलं की ती संशयित.

त्यांनी पहिलं वर्षभर रोज रात्री फोन केला. "जेवलास का? अभ्यास झाला का? काय चाललंय?" हो, हो, काही नाही. संपला फोन. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट म्हटलं होतं की दूर राहणाऱ्या आईला किंवा वडिलांना भेटीखेरीज फोनवर, व्हिडिओ कॉलवर संपर्काचाही हक्क असायला हवा. हक्क ठीक आहे, पण तेरा वर्षांच्या मुलाशी रोज दहा मिनिटं काय बोलायचं हे न्यायालय सांगत नाही. मग त्यांनी युक्ती काढली. प्रश्न विचारणं बंद. व्हिडिओ सुरू ठेवून तो गणितं सोडवायचा, त्या पलीकडे आपली ऑफिसची फाइल बघायच्या. अर्धा-अर्धा तास कोणी बोलायचं नाही. मधेच तो म्हणायचा, "आई, हे बघ ना." हा मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे आणि फोन अजून तसाच चालू असतो, असं त्यांनी मागे भेटल्या तेव्हा सांगितलं. एका घरात राहणारी मायलेकरं तरी दुसरं काय करतात?

परदेशातल्या मराठी मुलींसाठी एक परिच्छेद लिहिते, कारण तशी पत्रं मला येतात. अमेरिकेत तिथल्या न्यायालयाने मुलाची कस्टडी दोघांना दिली असेल आणि तुम्ही 'आईकडे चार महिने राहून येते' म्हणून मुलाला घेऊन इथेच राहिलात, तर प्रकरण सोपं राहत नाही. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबद्दलच्या 1980 च्या हेग करारात भारत नाही, म्हणून इथे आपल्याला कोणी हात लावणार नाही असं काही जण सांगतात. चुकीचं आहे. नवरा इथल्या उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी करणारी, याचिका करू शकतो, आणि मुलाच्या हिताचा विचार करून न्यायालयांनी मूल परत पाठवायचे आदेश दिलेले आहेत, नाकारलेलेही आहेत. तिकीट काढायच्या आधी तिथल्या वकिलाला विचारा.

परत तुमच्याकडे येते. सहमतीच्या घटस्फोटात एक विचित्र घाई असते, ती टाळा. सहा महिन्यांची वाट पाहायची अट न्यायालय शिथिल करू शकतं, असं 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. त्यासाठीच्या अटींत पोटगी आणि मुलाच्या कस्टडीचा प्रश्न खरोखर मिटलेला असणं हीही एक आहे. परिणाम असा झाला की लवकर मोकळं व्हायच्या नादात लोक कस्टडी दोन ओळींत 'मिटवतात'. 'मुलाचा ताबा आईकडे राहील, वडील परस्परांच्या सोयीने भेटतील.' परस्परांच्या सोयीने! ज्यांची सोय जुळत नव्हती म्हणून घटस्फोट झाला, त्यांना हे वाक्य लिहून देणाऱ्या वकिलाला मी काय म्हणू?

त्याऐवजी कंटाळा येईल इतकं बारीक लिहा. वार, वेळ, कोणी सोडायचं, कुठून घ्यायचं. मला विचाराल तर घेणं-सोडणं शाळेतच करावं, म्हणजे एकाने सकाळी शाळेत सोडायचं आणि दुसऱ्याने दुपारी आणायचं. सोसायटीच्या गेटवर वॉचमनसमोर होणारी ती रविवार संध्याकाळची देवाणघेवाण मुलांना सगळ्यात जास्त लागते. मुलं रविवारी चार वाजल्यापासून गप्प होतात, आणि आई समजते तिकडे काहीतरी झालं. बहुतेकदा तिकडे काही झालेलं नसतं, फक्त सहा वाजणार असतात.

सण वाटताना 'एक वर्ष तुझं, एक वर्ष माझं' हे कागदावर न्याय्य दिसतं, प्रत्यक्षात दर वर्षी नवं भांडण लावतं. तुमच्या सासरचा गणपती गावाला बसतो, असं तुम्ही लिहिलंत. तो गणपती मुलासाठी इकडे आणता येणार नाही. मग गणपती कायमचा वडिलांना देऊन टाका आणि दिवाळीचा पाडवा-भाऊबीज कायमची तुमच्याकडे घ्या. मुलालाही दर वर्षी विचारावं लागत नाही.

पैशाचा भाग आकड्यात आणि टक्क्यांत, दोन्हींत लिहा. फी, बस, क्लास, दवाखाना हे खर्च टक्क्यांनी वाटा, म्हणजे फी वाढली की वाद नाही. महिन्याची रक्कम आकड्यात, दरवर्षीच्या वाढीसकट. आणि 'मला काही नको, मोकळं कर' या भरात मुलाची पोटगी सोडून देऊ नका. ती तुमची नाही, मुलाची आहे, ती सोडायचा हक्क तुम्हालाही नाही. अठराव्या वर्षी पोटगी थांबते तेव्हा मूल बारावीत किंवा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असतं, म्हणून मुलाचं पदवीपर्यंतचं शिक्षण आताच लिहून घ्या. पासपोर्टच्या अर्जावर दोघं सह्या करतील, शहर बदलायचं तर अमुक महिने आधी लेखी कळवतील, हीही वाक्यं घाला. दुसऱ्या लग्नाचा विषय कोणालाच आता काढायचा नसतो. एवढं तरी लिहा, की नव्या माणसाची ओळख मुलाला करून द्यायच्या आधी एकमेकांना सांगू.

आठवडा-आठवड्याबद्दल माझं मत विचाराल तर सात वर्षांच्या मुलासाठी सलग सात दिवस जरा लांब होतात. तीन वर्षांखालच्या बाळाला थोड्या-थोड्या, वारंवार भेटी लागतात, आणि बारा-तेराच्या मुलाला तर आठवडाच सोयीचा, त्याला सारखं दप्तर हलवायचं नसतं. मधल्या वयाला मधलं काहीतरी. मी तुमच्याजागी असते तर सुरुवात अशी सुचवली असती: दर बुधवारी रात्री वडिलांकडे, आणि एकाआड एक शुक्रवार संध्याकाळ ते सोमवारची शाळा वडिलांकडे. चौदा रात्रींत पाच त्यांच्या, नऊ तुमच्या. शाळेतून घेणं, शाळेत सोडणं. शिवाय बुधवार हा कामाचा वार आहे. गृहपाठ, डबा, गणवेश त्या दिवशी त्यालाच बघावा लागेल. पिझ्झावाला बाप होण्यापासून बुधवार त्याला वाचवतो. जूनपासून दिवाळीपर्यंत असं चालवा, दिवाळीच्या सुट्टीत दोघं बसून बघा, आणि हे 'दिवाळीत फेरविचार' कन्सेंट टर्म्समध्येच लिहा. नीट चाललं तर सहा किंवा सात रात्रींवर जायला हरकत नाही. नवऱ्याला फिफ्टी-फिफ्टी खरंच हवं असेल तर तो एवढं थांबेल.

आईवडिलांना काय सांगायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. त्यांना वकिलाकडे बरोबर नेऊ नका. निर्णय झाला की सांगा, आणि नातू बुधवारी नसेल तेव्हा त्यांनी काय करायचं, हेही सांगा. माझ्याकडच्या एका आजोबांनी तो वार भजनी मंडळाला देऊन टाकला.

दरम्यान या आठवड्यात वही करा. दोन रकाने, तुमचा आणि त्याचा, आणि कोणाच्या डोक्यात काय होतं ते रोज झोपायच्या आधी लिहा. दोन आठवड्यांनी ती नवऱ्याला दाखवा, पण भांडायला म्हणून नको. त्यातली कोणती पाच कामं तो पूर्ण उचलतो, एवढंच विचारा. त्याचं उत्तर ऐकल्यावर पाच रात्री की सात, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. आणि जून यायच्या आत रेनकोट दोन घ्या, दोन्ही घरी एकेक.